परतणाऱ्या रक्तप्रवाहाची इजा आणि अवयवांचे रक्षण

शरीरातील एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा थांबला, तर प्राणवायूअभावी त्यातील पेशी मरू लागतात, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. थांबलेला पुरवठा पुन्हा सुरू होताना त्याच पेशींना दुसरा आघात सोसावा लागतो, ही बाब मात्र वैद्यकक्षेत्राबाहेर फारशी ठाऊक नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर बंद धमनी उघडताना, मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी काढताना, शस्त्रक्रियेसाठी थांबवलेले हृदय पुन्हा सुरू करताना, दात्याचे यकृत किंवा मूत्रपिंड रुग्णाच्या शरीरात जोडताना, इतकेच नव्हे तर ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाची सुटका करतानाही हा दुसरा आघात होऊ शकतो. वैद्यकशास्त्रात त्याला ‘इस्केमिया-रीपर्फ्यूजन इंज्युरी’ म्हणतात. मराठीत त्याला पुनर्प्रवाहजन्य इजा असे म्हणता येईल.

भारनियमनाचा अनुभव असलेल्यांना यातील मर्म समजणे कठीण नाही. वीज गेल्यामुळे पंप बंद पडतो, तो जळतो मात्र बहुधा वीज परत येताना, विजेचा दाब वरखाली झाल्यामुळे. ही उपमा एका मर्यादेपर्यंतच लागू पडते. पंप विजेवाचून कितीही दिवस सुस्थितीत राहतो, पेशी मात्र रक्तावाचून जगत नाही. त्यामुळे इजेच्या भीतीने रक्तप्रवाह सुरू करण्यास विलंब लावणे हा उपाय होऊच शकत नाही. प्रवाह शक्य तितक्या लवकर सुरू करायचा आणि तो परतताना होणारी हानी टाळायची, हेच या क्षेत्रातील संशोधनाचे उद्दिष्ट आहे.

रक्तावाचून तग धरण्याची अवयवांची क्षमता सारखी नसते. शरीराच्या नेहमीच्या तापमानात मेंदूला चार-पाच मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. हृदयाच्या स्नायूत ती साधारण वीस मिनिटांनंतर सुरू होते आणि पुढील काही तास आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे पसरत जाते. हातापायांचे स्नायू काही तास टिकाव धरतात. शस्त्रक्रियेच्या वेळी हाताला किंवा पायाला आवळपट्टा बांधला, तर तो साधारणपणे दोन तासांच्या आत सैल करण्याची पद्धत आहे, ती याच कारणास्तव.

पेशीत काय घडते

प्राणवायू मिळेनासा झाला की पेशी साखरेचे अपुरे ज्वलन करून कशीबशी ऊर्जा मिळवते. त्यातून लॅक्टिक आम्ल साचते आणि पेशीच्या आतील आम्लता वाढते. ही आम्लता बाहेर टाकण्याच्या प्रयत्नात पेशी सोडियम आत घेते. ऊर्जा संपत आल्याने सोडियम बाहेर काढणारी यंत्रणा मंदावते आणि सोडियमच्या पाठोपाठ कॅल्शियमही आत साचू लागते. येथवरची हानी रक्ताच्या अभावामुळे झालेली असते.

त्यानंतर रक्त परत येते. भोवतालची आम्लता झपाट्याने धुऊन जाते, पण आतली तशीच राहते. या तफावतीमुळे सोडियम आणि कॅल्शियमचा लोंढा पेशीत शिरतो. त्याच सुमारास पेशीची ऊर्जाकेंद्रे असलेल्या तंतुकणिकांना, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांना, प्राणवायू मिळू लागतो आणि त्यांच्यातून अतिशय क्रियाशील अशी मुक्त मूलके मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. रक्तपुरवठा बंद असताना तंतुकणिकांत सक्सिनेट नावाचे द्रव्य साचते आणि प्राणवायू परतताच त्याचे वेगाने ज्वलन होऊन ही मूलके निर्माण होतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या संशोधनात दाखवून देण्यात आले.

यानंतरची घटना निर्णायक असते. तंतुकणिकांच्या आवरणात एक छिद्र असते, ते एरवी बंद असते. कॅल्शियमचा भार आणि मुक्त मूलकांचा मारा यांमुळे ते उघडते, तंतुकणिका फुगून फुटतात आणि पेशी मरते. गंमत अशी, की रक्तपुरवठा बंद असताना वाढलेली आम्लताच हे छिद्र बंद ठेवत असते. म्हणजे जी आम्लता पेशीला अपायकारक, तीच काही काळ तिची राखणही करते आणि रक्त परतल्यावर ती राखण उठते. परतीच्या पहिल्या काही मिनिटांत बरेचसे भवितव्य ठरते, असे तज्ज्ञ मानतात ते यामुळेच.

केशवाहिन्यांची कथा थोडी निराळी आहे. त्यांच्या आतील अस्तर सुजते, पांढऱ्या पेशी तेथे चिकटून बसतात, आणि मोठी धमनी उघडूनही रक्त शेवटच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. धरणाचा दरवाजा उघडला, पण पाटचारी गाळाने भरलेली, असाच हा प्रकार. या घटनेला ‘नो-रिफ्लो’ असे नाव आहे. ती १९६८ मध्ये सशांच्या मेंदूत आणि १९७४ मध्ये श्वानांच्या हृदयात नोंदवली गेली. अँजिओप्लास्टीनंतर धमनी चित्रात मोकळी दिसत असूनही काही रुग्णांचे हृदय दुर्बळच राहते, त्यामागील एक कारण हेच आहे. सर्वच हानी कायमची असते असे मात्र नाही. काही वेळा हृदयाचा स्नायू जिवंत असतो, पण काही तास किंवा काही दिवस काम करीत नाही आणि नंतर सावरतो.

ढिगाऱ्याखालील रुग्ण

ही इजा एका अवयवापुरती मर्यादित राहीलच असे नाही, याचा सर्वांत ठळक पुरावा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या इमारतींखाली हातपाय अडकलेल्या काही जखमींना तासन् तासांनी बाहेर काढण्यात आले. सुटकेच्या वेळी त्यांची प्रकृती बरी वाटत होती. पुढे मात्र अडकलेला अवयव सुजला, रक्तदाब घसरला, लघवी काळपट झाली आणि काही दिवसांतच मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांचा मृत्यू झाला. एरिक बायवॉटर्स यांनी १९४१ साली आपल्या सहकाऱ्यासह या रुग्णांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

याचे कारण आता स्पष्ट झाले आहे. दबलेल्या स्नायूत रक्त परतताच तेथे साचलेले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचे स्नायूतील प्रथिन सर्व शरीरात पसरते. पोटॅशियममुळे हृदय थांबू शकते, तर मायोग्लोबिन मूत्रपिंडांत अडकून त्यांचे काम बंद पाडते. म्हणूनच शक्य असेल तेथे ढिगारा हटवण्यापूर्वीच, रुग्ण अडकलेला असतानाच, त्याच्या शिरेतून सलाइन सुरू करावे, असे आपत्कालीन वैद्यक सांगते. तुर्कस्तानात ऑगस्ट १९९९ मध्ये झालेल्या मार्मारा भूकंपानंतर अशा ६३९ जखमींना मूत्रपिंडाचा त्रास झाला आणि त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिसवर ठेवावे लागले. किल्लारी आणि भूज येथील भूकंपांनंतरची ढिगारे उपसण्याची दृश्ये आठवणाऱ्यांना या सलाइनच्या बाटलीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

पाच मिनिटांचा सराव

अवयवांना या इजेपासून वाचवण्याच्या शास्त्राची मुळे श्वानांवरील प्रयोगांत आहेत. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये असे नोंदवले, की हृदयाच्या बंद केलेल्या धमनीतील प्रवाह पुन्हा सुरू केल्यावर पेशींच्या नाशाच्या खुणा अपेक्षेपेक्षा फार लवकर दिसू लागतात. पुढे २६ वर्षांनी, १९८६ मध्ये, चार्ल्स मरी, जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी एक विलक्षण निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी श्वानांच्या हृदयाची एक धमनी ४० मिनिटे बंद ठेवली. एका गटात मात्र त्याआधी तीच धमनी पाच-पाच मिनिटांसाठी चार वेळा बंद केली आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटे मोकळी सोडली. एकूण त्रास या गटाला अधिक झाला होता. तरीही त्यांच्या हृदयातील मृत भाग दुसऱ्या गटाच्या केवळ एक चतुर्थांश निघाला.

छोट्या छोट्या आघातांनी हृदय मोठ्या आघातासाठी सज्ज होते, असा याचा अर्थ होता. त्याला ‘प्रीकंडिशनिंग’ असे नाव मिळाले. याच शोधनिबंधातील दुसरी नोंद तितकीच महत्त्वाची असूनही तिचा उल्लेख कमी होतो. धमनी ४० मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवली, तेव्हा या सरावाचा काहीही लाभ झाला नाही. पेशींचा मृत्यू लांबणीवर पडला होता, टळला नव्हता. वेळेत प्रवाह सुरू झाला तरच या सवलतीचा उपयोग होता.

हृदयविकाराचा झटका कधी येणार हे आधी माहीत नसते, त्यामुळे आधीचा सराव रुग्णाच्या उपयोगी कसा पडावा, हा प्रश्न उरलाच. त्याचे एक उत्तर २००३ मध्ये मिळाले. धमनी उघडताना ती एकदम मोकळी न करता, अर्धा मिनिट उघडी आणि अर्धा मिनिट बंद अशी तीन आवर्तने केली, तरी श्वानांच्या हृदयातील हानी बरीच घटते, असे झी-चिंग झाओ, जेकब विंटेन-जोहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. दीर्घ उपवास सोडताना आपल्याकडे एकदम भरल्या ताटावर बसत नाहीत, आधी पेज किंवा ताक घेतात, त्यातले तत्त्व याहून फार निराळे नाही. दुसरे उत्तर त्याहून चकित करणारे होते. हा सराव हृदयालाच द्यावा लागतो असे नाही; रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर आवळून हाताचा रक्तपुरवठा काही मिनिटे थांबवला, तरी दूरच्या अवयवांना संरक्षण मिळते, असे दिसू लागले. डेन्मार्कमध्ये रुग्णवाहिकेतून नेल्या जाणाऱ्या ३३३ रुग्णांवर असा प्रयोग झाला. पट्टा पाच मिनिटे आवळायचा, पाच मिनिटे सोडायचा, अशी चार आवर्तने करण्यात आली. या रुग्णांच्या हृदयाचा अधिक भाग वाचल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. ना औषध, ना खर्च, ना शस्त्रक्रिया. जगभरातील डॉक्टरांच्या आशा पल्लवित होणे स्वाभाविक होते.

या आशा मोठ्या चाचण्यांच्या कसोटीवर उतरल्या नाहीत. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर दंडपट्ट्याचा प्रयोग करणाऱ्या ब्रिटन आणि जर्मनीतील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. दोन्हींत रुग्णांना लाभ दिसला नाही. तंतुकणिकांचे ते छिद्र बंद ठेवू शकणारे सायक्लोस्पोरिन हे औषध २००८ मध्ये ५८ रुग्णांवर आशादायक ठरले होते. ९७० रुग्णांवरील चाचणीत, तीही २०१५ मध्येच, ते निष्प्रभ ठरले. अखेर २०१९ मध्ये ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बियातील ५ हजार ४०१ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय दुर्बळ झाल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दंडपट्टा न लावलेल्यांत ८.६ टक्के, तर लावलेल्यांत ९.४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता, पण लाभाचा मागमूसही त्यात नव्हता.

असे का व्हावे, याची काही कारणे सांगितली जातात. प्रयोगशाळेतील प्राणी तरुण आणि निरोगी असतो. झटका आलेला माणूस बहुधा वयस्क असतो, त्याला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असतो आणि तो अनेक औषधे घेत असतो. यांतील काही विकार सरावाचा परिणाम बोथट करतात, तर काही औषधे स्वतःच थोडे संरक्षण देऊन जातात. शस्त्रक्रियेच्या त्या दोन्ही चाचण्यांत बहुतेक रुग्णांना दिलेले प्रोपोफोल हे भूलीचे औषध सरावाच्या आड आले असावे, असाही एक तर्क आहे. मात्र याहून साधे कारणही नजरेआड करता येत नाही. आज झटका आलेल्या रुग्णाची धमनी वेळेत उघडली गेली, तर परिणाम इतका चांगला येतो, की त्यावर आणखी सुधारणा दाखवणे अवघड होते. रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी व्हावी, असे मानक आहे. जेथे ती सोय नाही, तेथे गुठळी विरघळवणारे औषध लगेच देणे, हाच मार्ग आहे. छातीत दुखू लागल्यावर घरगुती उपायांत जाणाऱ्या तासांची भरपाई करू शकेल असे कोणतेही संरक्षक औषध आजवर सापडलेले नाही.

पक्षाघाताच्या बाबतीत चित्र अद्याप धूसर आहे. चीनमध्ये मध्यम तीव्रतेच्या पक्षाघाताच्या सुमारे १,८०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दंडपट्टा लावलेल्या ६७.४ टक्के रुग्णांची प्रकृती उत्तम सुधारली, न लावलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते. हा निष्कर्ष २०२२ मधील आहे. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधील चाचणीत असा लाभ आढळला नाही.

थंडाव्याचे दोन चेहरे

पेशीची गरजच कमी केली, तर ती रक्तावाचून अधिक काळ तग धरील, हा विचार जुना आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात २ सप्टेंबर १९५२ रोजी जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचे शरीर थंड करून, रक्ताभिसरण साडेपाच मिनिटे थांबवून, तिच्या हृदयातील छिद्र शिवले. लंडनमध्ये डेनिस मेलरोज यांनी १९५५ मध्ये पोटॅशियमच्या द्रावणाने हृदय थांबवण्याची रीत मांडली. तिच्यातील दोष पुढे दूर झाले आणि आज हृदयावरील शस्त्रक्रियेत थंड द्रावणाने हृदय शांत करणे ही नित्याची बाब आहे.

शस्त्रक्रियागृहाबाहेर मात्र थंडाव्याचा अनुभव संमिश्र आहे. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांचे शरीर थंड ठेवल्यास मेंदू वाचतो, असे २००२ मधील दोन चाचण्यांनी सुचवले. सुमारे १,९०० रुग्णांवरील २०२१ च्या चाचणीत ३३ अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेले रुग्ण आणि केवळ ताप येऊ न दिलेले रुग्ण यांच्यात फरक दिसला नाही.

त्याच वर्षी आलेला आणखी एक निष्कर्ष भारताच्या दृष्टीने विशेष गंभीर आहे. जन्मतः गुदमरलेल्या बाळांना तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत मान्यता पावलेला आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर त्याची चाचणी झाली. मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण कमी झाले नाही. मृत्यू मात्र वाढले. थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३१ टक्के बाळे दगावली. येथील बाळांच्या मेंदूला इजा जन्माच्या बरीच आधी होत असावी आणि थंडाव्याने जी दुसरी लाट रोखायची ती आधीच येऊन गेलेली असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. परदेशातील उपचार येथे जसाच्या तसा स्वीकारण्यापूर्वी तो येथील रुग्णांवर तपासून घेण्याची गरज किती खरी आहे, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

दात्यापासून रुग्णापर्यंत

अवयवरक्षणाचे प्रयत्न सर्वाधिक यशस्वी झाले ते प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात. याचे कारण उघड आहे. येथे रक्तपुरवठा केव्हा थांबणार आणि केव्हा परतणार, हे दोन्ही आधीच माहीत असते आणि मधल्या काळात अवयव डॉक्टरांच्या हाती असतो.

चार अंशांच्या आसपास अवयवाची ऊर्जेची गरज सुमारे एक दशांशावर येते. पण थंडाव्यात पेशी फुगतात. म्हणून साध्या सलाइनऐवजी, पेशींना फुगू न देणारी खास द्रावणे वापरावी लागतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात फोकर्ट बेल्झर आणि जेम्स साउथर्ड यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या द्रावणाने यकृत जपण्याचा अवधी लक्षणीय वाढवला आणि दूरच्या शहरातून यकृत आणणे शक्य झाले. तरीही मर्यादा आहेतच. बर्फाच्या पेटीत मूत्रपिंड साधारण एक ते दीड दिवस, यकृत बारा तासांच्या आसपास, फुप्फुसे सहा ते आठ तास आणि हृदय जेमतेम चार तास टिकते.

भारतात हृदयप्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात केला. जगातील पहिल्या हृदयप्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. पहिले यशस्वी प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. त्याच वर्षी मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता मिळाली. शहराशहरांत वाहतूक रोखून रुग्णवाहिकेसाठी मोकळे केले जाणारे ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणजे त्या चार तासांच्या मर्यादेशीच लावलेली शर्यत असते. हैदराबादमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये एक हृदय नागोलहून ज्युबिली हिल्सपर्यंत मेट्रो रेल्वेने नेण्यात आले. सुमारे २१ किलोमीटरचे हे अंतर अर्ध्या तासाच्या आत कापले गेले.

आता बर्फाच्या पेटीची जागा हळूहळू यंत्रे घेऊ लागली आहेत. एकाच दात्याचे एक मूत्रपिंड बर्फात आणि दुसरे थंड द्रावण खेळवणाऱ्या यंत्रात ठेवून ३३६ दात्यांबाबत तुलना करण्यात आली. यंत्रातील मूत्रपिंडे रुग्णाच्या शरीरात अधिक लवकर काम करू लागल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृताबाबत त्याही पुढचे पाऊल पडले. शरीराच्या तापमानाचे, प्राणवायूयुक्त रक्त यंत्राद्वारे यकृतातून खेळवत ठेवायचे, म्हणजे ते शरीराबाहेरही जिवंतपणे पित्त तयार करीत राहते. युरोपातील २२० प्रत्यारोपणांवर आधारित २०१८ च्या अहवालानुसार, या पद्धतीने यकृताची इजा निम्म्याने घटली, टाकून द्याव्या लागणाऱ्या यकृतांचे प्रमाणही निम्म्यावर आले आणि जतनाचा सरासरी अवधी ५४ टक्क्यांनी वाढला. अवयव यंत्रावर असताना तो नीट काम करतो की नाही, हे प्रत्यारोपणापूर्वीच पाहता येते. एरवी शंकेपोटी नाकारले गेले असते असे अवयव त्यामुळे वापरता येऊ लागले आहेत.

सिडनीतील सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयात २०१४ मध्ये याचे टोक गाठले गेले. दात्याच्या छातीत आधीच थांबलेले हृदय बाहेर काढून यंत्रावर ठेवण्यात आले. त्यातून उबदार रक्त वाहू लागताच ते पुन्हा धडधडू लागले, आणि त्यानंतर ते रुग्णाच्या शरीरात बसवण्यात आले. या यंत्रांचा खर्च मोठा असल्याने भारतात त्यांचा वापर अद्याप मोजक्या केंद्रांपुरता आहे. बहुतेक अवयवांचा प्रवास येथे आजही बर्फाच्या पेटीतूनच होतो.